पाणथळ वाचवायची तर आधी उघाडी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नवी मुंबईत पाम बीच रोडच्या खाडीकडच्या बाजूला तुमची सोसायटी, मागे पाणथळ. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हिवाळ्यापासून मेपर्यंत फ्लेमिंगो यायचे, आता अर्धा भाग कोरडा पडून भेगाळलाय, उरलेल्या कोपऱ्यात हिरवट पाणी साचलंय आणि डास वाढलेत. आजूबाजूच्या सोसायट्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झालाय, लोक उत्साहात आहेत, दर रविवारी सफाई आणि पावसाळ्यात काठानं झाडं लावायचं ठरतंय, आणि नगरसेवक म्हणतायत की जॉगिंग ट्रॅक, कारंजं, दिवे असं सुशोभीकरण मंजूर करून देतो. यातलं आधी काय करू, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत सरळ सांगतो, यातलं काहीच आधी नको. आधी उघाडी बघा, म्हणजे बांधातलं खाडीचं पाणी आत-बाहेर व्हायचं तोंड. मी शिक्षणानं सिव्हिलवाला, पाण्याचा निचरा हाच विषय, आणि गेली बरीच वर्षं खाडीकाठच्या पाणथळ जागांसाठी झटणाऱ्या लोकांबरोबर काम करतोय, त्या अनुभवावर बोलतोय. तुमची खरी अडचण कचरा नाही, झाडं कमी असणं तर नाहीच नाही. तुमच्याकडे भरतीचं पाणी आत यायचं थांबलंय किंवा फारच कमी झालंय, असं वर्णनावरून जवळजवळ नक्की वाटतंय. तुम्ही टाकलेल्या फोटोत नाल्याच्या बाजूला पाणकणीस उभं दिसतंय ना, ते उंच, काड्यांवर तपकिरी कणसं आलेलं, तीच मोठी खूण आहे. खाडीचं खारं पाणी रोज आत-बाहेर करत असेल तर पाणकणीस असं माजत नाही. ते माजलं म्हणजे तिथं आता नाल्याचं गोडं पाणी जास्त आणि खाडीचं कमी. आणि लांबचा भाग भेगाळलाय म्हणजे तिथवर कुठलंच पाणी पोचत नाही.

आता हे एवढं महत्त्वाचं का, ते आधी समजून घ्या, कारण ग्रुपमधल्या प्रत्येकाला तुम्हाला हेच समजवावं लागणार आहे. फ्लेमिंगो ओहोटीला ठाणे खाडीच्या उघड्या चिखलावर चरतात. भरती चढली की तो चिखल पाण्याखाली जातो, मग पाच-सहा तास त्यांना उभं राहायला, विश्रांतीला दुसरी उथळ जागा लागते. आपल्याकडच्या या काठावरच्या पाणथळी म्हणजे तीच जागा, नेरूळ-सीवूड्सकडच्या एनआरआय आणि टीएस चाणक्य पाणथळी, डीपीएस तलाव, सगळे त्यातलेच. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, साधारण १,६९० हेक्टर, आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, असा दर्जाही मिळाला, पण अभयारण्याच्या रेषेबाहेरच्या या छोट्या जागा गेल्या तर आतल्या पक्ष्यांना भरतीच्या वेळी जायला जागाच उरत नाही. बीएनएचएसनं (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) पक्ष्यांना ट्रान्समीटर लावून केलेल्या अभ्यासातही अभयारण्य आणि या पाणथळींमधली ये-जा दिसलेली आहे. त्यामुळे 'आमच्या मागचं डबकं' असा शब्द कुणी वापरला तर त्याला हे शांतपणे सांगा.

डीपीएस तलावाचं उदाहरण तुमच्या डोळ्यासमोर आहेच. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथं फ्लेमिंगो मेले, बातम्या आल्या, लोक रस्त्यावर आले, आणि मुळाशी गोष्ट एकच होती, भरतीचं पाणी आत यायच्या वाटा बुजलेल्या होत्या आणि तलाव सुकला होता. पुढे एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळानं त्या सुमारे ३० एकरांना संवर्धन राखीव करायला मान्यता दिली. लोकांनी चिकाटीनं पाठपुरावा केला म्हणून हे झालं आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण दर्जा मिळाला म्हणून पाणी आपोआप येत नाही. पाणी पाईपातून, कल्व्हर्टमधून म्हणजे रस्त्याखालच्या मोरीतून, उघाडीतून येतं, आणि ती उघडी आहे का बंद हे कुणीतरी जागेवर जाऊन बघावं लागतं.

म्हणून उघाडीवर जरा सविस्तर बोलतो. आपल्याकडे खाडीकाठच्या बऱ्याच पाणथळी म्हणजे शहर वसवताना केलेले होल्डिंग पाँड आहेत, त्याआधी तिथं खारबंदिस्तीची शेती आणि मिठागरं होती. पाँडचं मूळ काम पावसाचं पाणी धरून ठेवायचं आणि ओहोटीला खाडीत सोडायचं. त्यासाठी तोंडाशी फ्लॅप गेट असतं, म्हणजे वरून बिजागरीवर टांगलेलं लोखंडी झाकण, खाडीच्या बाजूला. खाडीचं पाणी चढलं की ते झाकण दाबलं जाऊन बंद होतं, आतलं पाणी वर असलं की आपोआप ढकललं जाऊन उघडतं. म्हणजे मुळात हे गेट भरती आत येऊच नये यासाठी बनवलेलं आहे! मग इतकी वर्षं फ्लेमिंगो कसे येत होते? माझ्या पाहण्यातल्या कितीतरी जागी उत्तर एकच निघालं, खाऱ्या हवेनं झाकणं गंजून पडली होती, काही अर्धी वाकून अडकली होती, त्यामुळे भरती आत येत होती, चिखल साठत होता, तिवरं म्हणजे कांदळवनाची झाडं उगवत होती, आणि त्यातून एक चांगली पाणथळ तयार झाली होती. पुढे कधीतरी पावसाळापूर्व कामात कुणी ते गेट चांगल्या हेतूनं दुरुस्त करतं आणि पाणथळ सुकायला लागते. किंवा बाजूचा रस्ता उंच करताना, जेट्टी बांधताना, भराव टाकताना खालचा पाईप गाडला जातो. कधी एवढं मोठंही काही नसतं, पाईपाच्या तोंडाशी जुनी गादी, नारळ, थर्माकोल आणि त्यावर गाळ असा घट्ट बोळा बसलेला असतो. या तिन्हीवरचे उपाय वेगवेगळे आहेत, म्हणून तुमच्याकडे नेमकं काय झालंय ते कळेपर्यंत कुठलीही मागणी लिहू नका.

ते कळायला महागडी मशीन लागत नाही. दोन बांबू घ्या, ऑइल पेंटनं दर दहा सेंटीमीटरला पट्टा मारा, एक आतल्या पाण्यात रोवा आणि एक बाहेर खाडीच्या बाजूला, लांबून दुर्बिणीनं वाचता येईल असा. भरतीचं वेळापत्रक बघून अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांतलं उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती, निवडा. मुंबईकडे उधाणाची भरती साधारण दुपारी बारा-एकच्या सुमारास असते, त्यामुळे सुट्टीचा दिवस जुळला तर सोसायटीतली मुलंही येतील. भरतीच्या आधी तीन तासांपासून नंतर तीन तासांपर्यंत दर अर्ध्या तासानं दोन्ही बांबूंचं रीडिंग वहीत लिहा आणि शेजारी मोबाईलनं फोटो काढा. मग आठवड्यानं, अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती असते, तेव्हा परत हेच करा. बाहेरचं पाणी दीड-दोन मीटर चढलं आणि आतला बांबू जागचा हललाच नाही, तर वाट पूर्ण बंद आहे. आत थोडं चढलं पण बाहेरच्यापेक्षा तास-दीड तास उशिरानं, तर वाट आहे पण चोंदलेली आहे. उधाणाला चढलं आणि भांगाला नाही, तर मध्ये कुठंतरी गाळाचा किंवा भरावाचा उंबरठा झालाय. हे सगळं जून उजाडायच्या आत करा, एकदा पाऊस सुरू झाला की आतली पातळी पावसानं वाढते आणि काही कळत नाही. आणि चिखलात एकट्यानं उतरू नका, काठावरून जमतं तेवढंच.

दुसरं, जवळच्या गावातल्या आगरी-कोळी मंडळींना भेटा, आणि हे खरं तर पहिल्याच आठवड्यात करा. ज्यांनी उघाडीच्या तोंडाशी बोकशी (पिशवीसारखं जाळं) लावून मासे धरलेत त्यांना पाणी कुठून यायचं, कधीपासून थांबलं, कुठला पाईप कुठल्या रस्त्याखाली गेला हे तोंडपाठ असतं. नकाशावर न सापडलेली जुनी उघाडी मला एका वयस्कर मच्छीमार काकांनी काठीनं माती बाजूला सारून दाखवलेली आहे, वर गवत आणि खाली दगडी बांधकाम शाबूत. फक्त एक लक्षात ठेवा, या लोकांचं पोट त्या पाण्यावर आहे किंवा होतं. त्यांच्याकडे फक्त माहिती काढायला जाऊ नका. निवट्या (चिखलातले मासे), चिंबोऱ्या, कोळंबी परत आली तर त्यांचाही फायदा आहे, त्यांना ग्रुपमध्ये घ्या, पत्रावर पहिली सही त्यांची असू द्या. सोसायटीवाले विरुद्ध गाववाले असं चित्र झालं की काम तिथंच संपतं, हे मी होताना बघितलंय.

आता कागद. इथं बरंच काही तुमच्या जागेवर अवलंबून आहे, मी नुसत्या फोटोवरून नक्की सांगू शकत नाही. जमीन कुणाच्या नावावर, विकास आराखड्यात आरक्षण काय, सीआरझेडच्या (किनारी भागातल्या बांधकामावरचे नियम) नकाशात कुठला रंग, तिवरं आहेत का, यावर पुढचा रस्ता ठरतो. साधारण असं असतं की जमीन एका संस्थेची, पावसाळी पाण्याची जबाबदारी दुसरीची आणि तिवरांचं संरक्षण वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे, त्यामुळे प्रत्येक जण दुसरीकडे बोट दाखवू शकतो. म्हणून माहिती अधिकारात तिन्हीकडे वेगवेगळा अर्ज टाका आणि प्रश्न छोटे, नेमके ठेवा. या ठिकाणच्या उघाडीची शेवटची दुरुस्ती कधी झाली, कामाच्या आदेशाची प्रत द्या, गेट चालवायची जबाबदारी कुठल्या विभागाची, बस. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट आणि तीस दिवसांची मुदत. 'पाणथळ वाचवण्यासाठी काय पावलं उचललीत' असला गोल प्रश्न विचाराल तर गोलच उत्तर येईल.

कायद्याची बाजू तुमच्या हातात बऱ्यापैकी भक्कम आहे. सप्टेंबर २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानं राज्यातली तिवरं तोडायला बंदी आहे आणि भोवतीचा ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायचा आहे. भरती-ओहोटीतला चिखलपट्टा आणि कांदळवन सीआरझेडच्या सगळ्यात कडक वर्गात येतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या, इस्रोच्या नकाशावरच्या २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षण दिलंय, त्यात तुमची जागा आहे का ते राष्ट्रीय पाणथळ अ‍ॅटलासमध्ये शोधा. २०१७ च्या पाणथळ नियमांमध्ये मात्र माणसानं बांधलेले काही प्रकार, मिठागरं वगैरे, वगळलेले आहेत, आणि 'हा तर मानवनिर्मित पाँड आहे, पाणथळ नाहीच' हा युक्तिवाद तुमच्याविरुद्ध नक्की येणार. त्यावर माझा अनुभव असा की वादात शिरण्यापेक्षा सीआरझेड आणि कांदळवनाच्या बाजूनं जावं, तिथं मानवनिर्मित की नैसर्गिक हा प्रश्न एवढा आड येत नाही. तक्रार करायला उच्च न्यायालयाच्या आदेशानं नेमलेल्या, कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या समित्या आहेत. तिथं अक्षांश-रेखांश, तारखेसकट फोटो आणि तुमच्या बांबूचं रीडिंग जोडून दिलं तर कागदाला वजन येतं. गुगल अर्थ प्रोमध्ये जुन्या वर्षांची चित्रं दिसतात, तेही बघा. कुठल्या वर्षीपर्यंत पाणी होतं आणि कुठल्या वर्षी भराव आला हे शेजारी शेजारी ठेवलं की अधिकाऱ्याला पाच मिनिटांत कळतं.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर, पाण्याची वाट कुठं अडलीय ते मोजा, गावकऱ्यांकडून पक्कं करा, जबाबदारी कुणाची ते लेखी काढा. हे झालं की मगच मागणी.

मागणी काय करायची यावर जरा सावध राहायला सांगतो. 'गेट कायमचं उघडा' असं लिहू नका. जुलैत मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला तर तो पाँडच तुमच्या तळमजल्यांना वाचवतो, हे खरं आहे आणि अधिकारी हेच उत्तर देतील, ते चूक नसतील. त्यापेक्षा ऋतूप्रमाणे वेळापत्रक मागा. ऑक्टोबर ते मे झाकण साखळीनं उचलून धरलेलं किंवा सरकगेट ठरावीक उंचीवर उघडं, जून ते सप्टेंबर पूरनियंत्रणासाठी बंद. फ्लेमिंगोंचा मुक्कामही साधारण नोव्हेंबरनंतर ते मेच असतो, त्यामुळे दोन्ही जुळतं. कोण उघडणार, कोण नोंद ठेवणार, हे लेखी हवं. आणि पहिल्यांदा उघडताना टप्प्याटप्प्यानं, आधी भांगाच्या भरतीला, मग हळूहळू उधाणाला. वर्षभर सुकलेल्या, कुजलेल्या गाळात एकदम पाणी घुसलं तर ऑक्सिजन खाली जातो, मासे मरतात, आठवडाभर सडक्या अंड्यासारखा वास सुटतो, आणि मग तुमचेच शेजारी म्हणतात बंद करा हे. त्यांना वासाबद्दल आधीच सांगून ठेवा. कुणी उत्साहात रात्री जाऊन गेट उचलून यायचं नाही, पूर आला तर सगळा दोष ग्रुपवर येईल.

आता झाडं. कळकळीनं सांगतो, काठावर झाडं लावू नका. हा सल्ला लोकांना खटकतो, झाडं लावणं वाईट कसं असेल असं वाटतं, पण पाणपक्ष्यांना चहूकडे मोकळी नजर लागते. फ्लेमिंगोला उडताना पाण्यावर बरंच अंतर धावावं लागतं, शेकाटे, तुतवार, चिखले हे सगळे उघड्या चिखलावरचे पक्षी, आणि काठावर उंच झाड उभं राहिलं की तिथं शिकारी पक्षी येऊन बसतो. उघड्या चिखलात तिवरांची रोपं लावणंही तसंच, ठाणे खाडीत गाळ वाढून तिवरं पसरल्यानं चरायचा चिखल आधीच कमी झालाय. तिवरं जिथं आपणहून येतील तिथं येऊ द्या, आलेल्यांना हात लावू नका. ग्रुपला झाडं लावायचीच असतील तर सोसायटीच्या आवारात, रस्त्याकडेला लावा, तिथं गरज आहे.

सफाई जरूर करा पण फ्लेमिंगो यायच्या आत, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ओहोटीला, आणि जेसीबी अजिबात नको. काढायचं ते प्लास्टिक, थर्माकोल, डेब्रिज. गाळ, ओंडके, शेवाळाचा थर काढायचा नाही, तेच पक्ष्यांचं आणि माशांचं खाणं आणि घर. तिवराखाली चिखलातून पेन्सिलीएवढी मुळं वर आलेली दिसतील, झाड त्यातून श्वास घेतं. त्यांना प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली असते आणि लोक ती ओढून काढतात, मग टोकं मोडतात. बसून, कात्रीनं पिशवी कापून, सोडवून घ्यायची. वेळ लागतो पण तसंच करायचं, आणि मुळांवर पाय देत फिरायचं नाही, म्हणून साठ माणसं एकदम उतरवू नका, आठ-दहा पुरेत, बाकीच्यांनी नाल्याच्या बाजूनं येणारा कचरा बघावा. तिथंच जास्त फायदा आहे.

नगरसेवकांना नाही म्हणू नका, त्यांच्या निधीला दुसरी दिशा द्या. नाल्याच्या तोंडाशी कचरा अडवणारी जाळी, चोंदलेल्या कल्व्हर्टची सफाई, नवं सरकगेट, ही कामं मंजूर होणारी आहेत आणि फलकही लागतो. कारंजं नको, त्याला खोली लागते आणि पक्ष्यांना उथळ पाणी. ट्रॅक हवाच असेल तर ५० मीटरच्या पट्ट्याबाहेर, मातीचा, आणि पाण्याकडे तोंड करून एकही प्रखर दिवा नको. बघणाऱ्यांसाठी एका जागी बांबूची आडोशाची भिंत केली तरी मुलं मजेत पक्षी बघतात.

डासांचा मुद्दा तुमच्या बाजूनं वापरा. सोसायटीतल्या निम्म्या लोकांना पक्ष्यांशी देणंघेणं नसेल पण डासांशी आहे. रोज दोन भरत्यांनी हलणाऱ्या, मासे आत-बाहेर करणाऱ्या पाण्यात अळ्यांना टिकाव धरणं अवघड जातं, साचलेल्या गोड्या पाण्यात त्या फोफावतात. वाट मोकळी झाली की डास एका आठवड्यात नाहीसे होतील असं आश्वासन देऊ नका, पण धूरफवारणीपेक्षा हा उपाय मुळावरचा आहे हे नक्की सांगा.

आणि पक्षी मोजायला आत्तापासूनच लागा, पाणी यायची वाट बघू नका. नेहमी एकाच जागेवरून, भरतीच्या वेळेच्या आसपास, आणि वहीत भरती किती मीटरची होती तेही लिहायचं. ओहोटीला मोजलेला आकडा आणि भरतीला मोजलेला आकडा यांची तुलना करून 'फ्लेमिंगो घटले' म्हणणारी पत्रं मी बघितलीत, ती समितीत एका प्रश्नात उडतात. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, त्यात तुमची जागा नोंदवा, ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर यादी टाकत राहा. पाणी परत आलं की साधारण आधी निवट्या दिसतात, मग शेकाटे, तुतवार. फ्लेमिंगो कधी येतील हे कुणीच सांगू शकत नाही, ते पूर्ण खाडीतल्या खाण्यावर आणि त्यांची वीण होते त्या भुज-कच्छकडच्या पावसावरही ठरतं. त्यामुळे ग्रुपचं यश फ्लेमिंगोच्या आकड्यावर लावू नका, आतल्या बांबूवर पाणी किती चढतं यावर लावा.

पुढच्या उधाणाचं रीडिंग झालं की दोन्ही बांबूंचे आकडे वेळेसकट इथंच टाका, आणि उघाडीचे दोन फोटो, एक ओहोटीला खाडीच्या बाजूनं, झाकण कुठल्या बाजूला टांगलंय ते दिसेल असा, आणि एक आतून. झाकण आहे का, गंजलंय का नवीन आहे, एवढं कळलं तरी माहिती अधिकाराचा पहिला अर्ज नेमका कुणाला टाकायचा ते मी सांगू शकेन, मसुदाही बघून देईन.